खुंटीवरचा तिसरा ठोका

हे खरं आहे.

आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कुणी "छान रचलीत हो" म्हणायला नको. मी सातवी शिकलेला माणूस. मला रचता आलं असतं तर एकतीस वर्षं खड्डे खणत बसलो असतो का?

आणि दुसरं. ही गोष्ट रात्रीची नाही. भुताला रात्रच लागते हे कुणी ठरवलं कोण जाणे. माझ्यावर हा प्रसंग आला गुरुवारी, दुपारी साडेतीन ते साडेचारच्या मध्ये. टेलिफोन एक्सचेंजच्या मागच्या आवारात. डोक्यावर ऊन होतं. शेजारच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत गादी झोडपत होतं.

अशा दुपारी आला तो.

माझं काम अर्थिंगचं. सोपं करून सांगतो. एक्सचेंजच्या गच्चीवर टॉवर असतो, वीज पडली तर त्याच्यावर पडते. आतल्या प्रत्येक लाइनला एक प्रोटेक्टर असतो, औषधाच्या गोळीएवढा. विजेचा लोंढा आला की तो बिचारा स्वतः मरतो आणि लोंढा जमिनीकडे वळवतो. तिथून तांब्याची पट्टी निघते, ती थेट मागच्या खड्ड्यात. खड्ड्यात पाइप, पाइपाभोवती कोळसा आणि मीठ. वीज जमिनीत जिरली की काम झालं.

पण जमिनीनेच घेतली नाही तर?

चोर पकडून चौकीवर आणला आणि चौकीलाच कुलूप, तर तो आणणाऱ्याच्याच अंगावर जाणार. तसं होतं.

खड्डा चांगला की वाईट हे मोजायचं एक यंत्र असतं. दांडा हाताने फिरवायचा, काटा बघायचा. आकडा एकच्या आत पाहिजे. जितका कमी तितका बरा. कमी मार्कांसाठी माझं कौतुक झालं ते आयुष्यात इथेच.

हे मोजायला दोन माणसं लागतात. एक यंत्रापाशी, म्हणजे मी. दुसऱ्याने वीस पावलांवर एक आणि चाळीस पावलांवर एक, अशा दोन लोखंडी खुंट्या हातोडीने जमिनीत ठोकायच्या आणि त्यांना वायर लावायची. आमच्या आवारात जनरेटरचा इतका गोंगाट की हाक ऐकू येत नाही. म्हणून वायर लावून झाली की तो माणूस खुंटीवर दोन ठोके मारणार.

टक. टक.

म्हणजे, फिरव दांडा.

हा दुसरा माणूस म्हणजे माझा साडू. दोघी बहिणींनी दोन गाढवं एकाच बाजारातून उचलली असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. चुकीचं नव्हतं. दोघं एकाच एक्सचेंजमध्ये, एकाच हुद्द्यावर. एकाच डब्यात जेवायचो.

साडू दोन ठोके मारायचा, आणि थोडं थांबून...

...एक हळूच. टक.

त्या तिसऱ्याचा कामाशी काही संबंध नव्हता. तो माझ्यासाठी होता. "काय साडूभाऊ, जागे आहात ना?" अशा अर्थाचा. साहेब जवळ असला की तिसरा नाही. मी त्याच्यावर चिडलेलो असलो की हमखास तिसरा.

सवयच लागली होती त्याला. घरी दारसुद्धा तसंच वाजवायचा. दोन, आणि एक हळू. त्याची मुलगी आतून ओरडायची, "बाबा आले." तिला तो फ्यूज म्हणायचा. का, तर लवकर उडते म्हणून.

आता जे सांगतो ते सांगायला मला सात वर्षं लागली.

त्या वर्षी उन्हाळा मरणाचा होता. तपासणीची तारीख आली आणि मी खड्डा मोजला. काटा आला सहा पॉइंट चारवर. एकच्या आत पाहिजे, आणि सहा पॉइंट चार. खड्डा मेला होता. नवा खणायचा तर खाली कातळ, आठ दिवसांचं काम. तपासणी दुसऱ्या दिवशी.

मी काय केलं?

टाकीवरून पाणी आणलं, त्यात मीठ कालवलं आणि खड्ड्यात ओतलं. बावीस बादल्या. जमीन ओली झाली की आकडा खोटा खाली येतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. काटा आला शून्य पॉइंट आठवर. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, खाली सही ठोकली.

साडू खुंटी उपटून आला. खड्ड्यात वाकून बघितलं. म्हणाला, "साडूभाऊ, हा ओला आहे तोवर आपला. वाळला की कुणाचा?"

मी म्हणालो, तपासणी झाली की खणू नवा.

तपासणी झाली. साहेब खूश. खणायचं राहिलं.

एकोणीस दिवसांनी आभाळ भरून आलं. साडू आत रॅकपाशी, म्हणजे सगळ्या लाइनी जोडलेल्या लोखंडी सांगाड्यापाशी, उभा होता, एक हात लोखंडावर. टॉवरवर वीज पडली. खाली खड्ड्यापर्यंत आली, आणि खड्डा सुकून राख झालेला...

मी कॅन्टीनमध्ये होतो. माझ्या हातात चहा होता. एवढंच आठवतं.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी रजिस्टर उघडलं. शून्य पॉइंट आठ, खाली माझी सही. म्हणजे अर्थिंग उत्तम. मग दोष कुणाचा? त्यांनी एक वाक्य लिहिलं. "कर्मचाऱ्याने आभाळ भरलेलं असताना निष्काळजीपणे रॅकला स्पर्श केला."

मी शेजारी उभा होतो. मी तोंड उघडलं नाही.

त्या एका वाक्याने त्याच्या घराचं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीला, सांगून जायचा की जरा जपून काम करायला हवं होतं हो त्यांनी. ताई मान डोलवायची. फ्यूज तेव्हा अकरावीत.  शाळेत असताना उडायची ती पोर, एकदम विझल्यासारखी झाली.

आणि खड्डा? तो तसाच ठेवला मी. नवा मागायचा तर कागदावर लिहावं लागतं की जुना खराब आहे. मग विचारणार, कधीपासून? म्हणून दर वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी मी एकटा मागे जायचो, बावीस बादल्या ओतायचो, पॉइंट आठ लिहायचो.

सात वर्षं.

त्यातल्या शेवटच्या वर्षी फ्यूज डिप्लोमा करून बापाच्या जागी कामाला लागली. त्याच एक्सचेंजमध्ये. त्याच खोलीत.

माझी झोप तेव्हापासून उडाली. रोज तिला सांगायचो, ढग दिसला की रॅकपासून लांब. ती हसायची. म्हणायची, काका, तुम्ही मला नियम शिकवू नका, मला पुस्तक पाठ आहे. खरंच होतं. वीज आणि टेलिफोनच्या यंत्रांबद्दलचं ते मानकांचं जाडं पुस्तक ती जेवतानाही उघडून बसायची. बापाने नियम मोडला म्हणून गेला, मी एकही मोडणार नाही, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

एक दिवस पान दाखवून म्हणाली, "इथे लिहिलंय काका, रीडिंग कोरड्या जमिनीत घ्यायचं. पाणी ओतून घेतलेलं धरायचं नाही. असं कुणी करत असेल का हो?"

मी म्हणालो, असतील काही गाढवं.

आता तो गुरुवार.

दुसऱ्या दिवशी नवीन यंत्रांची तपासणी होती. फ्यूज आत नव्या रॅकला प्रोटेक्टर बसवत होती. मी मागे आवारात, एकटा. बावीस बादल्या ओतून झाल्या होत्या. मी खड्ड्याची लिंक सोडली. लिंक म्हणजे खड्डा आणि आतली तांब्याची पट्टी जोडणारा तुकडा, मोजताना तो सोडावा लागतो. दोन नट-बोल्ट काढले, खिशात टाकले. हे लक्षात ठेवा.

मग दोन्ही खुंट्या मीच जाऊन ठोकल्या. लांबची पाण्याच्या टाकीमागे, नजरेआड. परत येऊन यंत्रापाशी बसलो. दांड्याला हात घातला.

आणि...

टक. टक.

टाकीमागून.

मी म्हटलं, गादीवाला असेल. पण गादीचा आवाज धप्प येतो. हे लोखंडावर लोखंड होतं. आणि एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मला ते इतकं स्वच्छ ऐकू कसं आलं? जनरेटर चालू होता.

होता का?

नव्हता. जनरेटर बंद. गादी बंद. रस्त्यावरचा एक हॉर्नसुद्धा नाही. सगळं आवार कान दाबून धरल्यासारखं.

आणि त्या शांततेत...

...एक हळूच. टक.

मी टाकीमागे गेलो. कसा गेलो विचारू नका. कुणी नव्हतं. खुंटी होती. मी ती वीतभर वर ठेवली होती, उपटायला सोपी जावी म्हणून. आता ती मानेपर्यंत जमिनीत होती. डोकं चकाकत होतं, नुकतीच हातोडी बसावी तसं.

माझी हातोडी माझ्या हातात होती.

परत आलो. म्हटलं, आकडा घेऊ, लिहू आणि निघू. दांडा फिरवला. काटा पॉइंट आठवर यायला पाहिजे होता.

सहा पॉइंट चार.

पुन्हा फिरवला. सहा पॉइंट चार. सात वर्षांपूर्वी होता तोच.

मी खड्ड्यात वाकलो. हात घातला. बावीस बादल्या पाणी ओतून अर्धा तास झाला नव्हता...

...आणि आत धूळ. कोपरापर्यंत हात गेला, धूळच. कोळसा बोटांत चुरला, पिठासारखा उडाला.

तेवढ्यात जवळच्या खुंटीवर, वीस पावलांवर, डोळ्यांसमोर. तिथे कुणी नाही. हातोडी नाही.

टक. टक.

टक.

खुंटी हलताना मी बघितली.

आणि मग हाताखालच्या पाइपाला हादरा बसला. दोन. थोडं थांबून एक. खालून.

मी पळालो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा लिंक उघडी टाकून पळालो. पळताना वर बघितलं तर ऊन गेलेलं. टॉवरच्या बरोबर मागे ढग उभा होता, काळा, गप्प. दहा मिनिटांपूर्वी आभाळ स्वच्छ होतं.

तेव्हा कळलं की लिंक उघडी आहे. बोल्ट खिशात वाजत होते. आत फ्यूज आहे, आणि तिच्या रॅकला खड्डा चांगला नाही, वाईट नाही, जोडलेलाच नाही. मागे जायचं की आत? मी आत गेलो.

ती रॅकपाशी उभी होती. उजव्या हातात पाना, डावा हात तांब्याच्या पट्टीवर टेकलेला.

मी म्हणालो, बाहेर ये.

ती म्हणाली पाच मिनिटं, थोड्याच जोडण्या राहिल्यात. मी म्हणालो ढग आलाय. ती म्हणाली गडगडलं का अजून? गडगडल्याचं ऐकलं की हात काढायचा, मला माहीत आहे. आणि मग मान न वळवता म्हणाली, "अर्थिंग चांगलं आहे ना? पॉइंट आठ. तुमचीच तर सही असते काका."



टक. टक.

तिच्या हाताखाली. पट्टीवर.

ती दचकली. "मागे कोण ठोकतंय?"

कुणी ठोकत असतं तरी ऐकू आलं नसतं. पट्टी खड्ड्यापासून सुटलेली होती. बोल्ट माझ्या खिशात होते.

...टक. हळूच.

फ्यूजच्या हातातला पाना पडला. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा अकरावीतल्या पोरीचा होता. "काका," ती म्हणाली, "बाबा असं दार वाजवायचे."

आणि तिने दुसरा हातसुद्धा पट्टीवर ठेवला. दोन्ही हातांनी धरली पट्टी, घट्ट. जसं कुणाचा हात धरावा.

मी म्हणालो सोड. ऐकायला तयार नाही. कान पट्टीकडे नेला तिने. मला सहा पावलं चालायची होती आणि पाय उचलेनात. शप्पथ सांगतो, बूट जमिनीला चिकटल्यासारखे. तेव्हा मला एकच वाटलं. हा तिला न्यायला आलाय. माझं पाप माझ्याकडे ठेवून, त्याची लेक तो घेऊन चाललाय.

आता तिचे हात एकाच गोष्टीने सुटले असते. ती मला माहीत होती. सात वर्षं माहीत होती.

मी म्हणालो, "तुझ्या बाबांची चूक नव्हती."

ती बघत राहिली.

"रीडिंग सहा पॉइंट चार होतं. मी पाणी ओतलं. पॉइंट आठ मी लिहिलं. त्याने मला सांगितलं होतं आणि मी खणलं नाही. तो नियम मोडून नाही गेला बाळा. माझ्या सहीने गेला."

तिचे हात खाली आले.

ती माझ्याकडे चालत आली. एक पाऊल. दोन. मला मारायला येत होती की आणखी विचारायला, मला माहीत नाही. तिलाही नाही, मी नंतर विचारलं. तीन. चार.

खोली पांढरी झाली.

आवाज मला आठवत नाही. वास आठवतो. डोळे उघडले तेव्हा फ्यूज माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिच्या मागे रॅक नव्हता, काळा सांगाडा होता. प्रोटेक्टर झाडून सगळे फुटलेले. ती उभी होती तिथली पट्टी भिंतीतून उपटून वाकली होती, विळ्यासारखी.

तोवर एकदाही गडगडलं नव्हतं. पुस्तकाप्रमाणे तिने हात काढलाच नसता.

त्याच संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये सहा पॉइंट चार लिहिलं. मागच्या सात वर्षांचंही लिहिलं, माझ्या अक्षरात, अर्जावर. मला घरी बसवलं. बरोबरच केलं. चौकशीतलं ते वाक्य खोडून नवा कागद निघाला. तो फ्यूजने स्वतः नेऊन आईच्या हातात दिला. ताईने तो दोनदा वाचला म्हणे, आणि घडी घालून ठेवला. ती आमच्या घरी त्यानंतर आलेली नाही. माझी बायको एकटीच जाते तिच्याकडे. जाताना मला सांगत नाही, आल्यावरही काही सांगत नाही.

आठ महिने फ्यूज माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस निरोप आला, खड्डा खणतोय, या.

गेलो. मजुरांनी जुना पाइप वर काढून आडवा ठेवला होता. ती म्हणाली, खालचं टोक बघा.

खालचं टोक म्हणजे नऊ फूट जमिनीत असलेलं. मी स्वतः पुरलेलं, कोरं करकरीत. माणसाचा हात तिथे पोचायचा नाही.

टोकावर हातोडीच्या खुणा होत्या. दोन खोल.

आणि बाजूला एक, पुसट.

मजूर म्हणाले, पुरतानाच्या असतील.  पाइप वरून ठोकतात, खालून नाही.

आता मी घरी असतो. एवढं लांब लिहायला जमत नाही म्हणून हे सांगतोय आणि बायकोच्या भावाचा मुलगा टाइप करतोय. तो सगळं बरोबर लिहितोय का तेही मला माहीत नाही. साडू कशासाठी आला होता, लेकीला वाचवायला की न्यायला, की मला बोलतं करायला, यावर मी फार डोकं लावलं. लागत नाही. तिने पट्टी धरली ती त्याच्याच ठोक्यामुळे. सोडली ती माझ्या बोलण्यामुळे. मधलं मला जोडता येत नाही.

एवढं मात्र सांगतो. तो अजून येतो.

आभाळ भरून आलं की आमच्या खिडकीच्या गजावर येतो आवाज. बायकोला ऐकू येत नाही. मला येतो.

टक. टक.

मी हातातलं ठेवतो. पंखा बंद करतो. कान देऊन बसतो...

गडगडायच्या आधी फ्यूजचा फोन येतो. कामाचं काही नसतं. ती एवढंच विचारते, "आला का काका?"

"दोनच," मी म्हणतो.

 ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते.

तिसरा त्या गुरुवारपासून वाजलेला नाही.